दारू, रहित आणि मतदारयादी

शीख परंपरेत दारू चालते का, असे विचारले तर ग्रंथापासून कायद्यापर्यंतचे सगळे कागद एकसुरात 'नाही' म्हणतात. पिणारा माणूस शीख उरतो का, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर कागदागणिक बदलते. आचार म्हणून धर्म आणि समाजाचे सभासदत्व म्हणून धर्म या दोन गोष्टी पंजाबात कशा एकमेकींत गुंतत गेल्या, हे दारूच्या वाटेने गेले की बरेच उलगडते.

सुरुवात गुरू ग्रंथसाहिबपासून करावी लागते. छापील प्रतीच्या 554 व्या अंगावर तिसरे गुरू अमरदास यांचा श्लोक आहे. जिच्यामुळे बुद्धी चळते, आपले-परके कळेनासे होते आणि मालकाकडून धक्के खावे लागतात, ती दारू होता होईल तो पिऊ नये, असा त्याचा आशय. 1377 व्या अंगावरचा कबीरांचा श्लोक अधिक कडक आहे. भांग, मासळी आणि सुरा सेवन करणाऱ्याची तीर्थे, व्रते, नेमधर्म सारे वाया जाते, असे तो बजावतो. पण पिणाऱ्याला पंगतीतून उठवा, असे यांतला एकही श्लोक सांगत नाही. 360 व्या अंगावर तर गुरू नानकांनी हातभट्टीचा अख्खा संसारच रूपकात मांडला आहे. ज्ञानाचा गूळ, ध्यानाची मोहाची फुले, सत्कर्माची साल, मग भट्टी आणि तिच्यातून पाझरणारे अमृत. दारू कशी गाळतात हे ऐकणाऱ्यांना चांगले ठाऊक होते, हे यावरून समजते. इथे दारू हा ज्याच्या त्याच्या आचरणाचा विषय आहे, ओळखीचा नाही.

खालसाच्या स्थापनेनंतर आचाराची लेखी नियमावली, म्हणजे रहितनामे, तयार होऊ लागले. देसासिंगाच्या नावावरचा रहितनामा अभ्यासक अठराव्या शतकाच्या अखेरीचा किंवा एकोणिसाव्याच्या आरंभीचा मानतात. त्यात परस्त्री, जुगार, असत्य, चोरी आणि मदिरा या पाच गोष्टी सुजाण शिखाने टाकाव्यात, असे म्हटले आहे. एवढी स्पष्ट बंदी लिहावी लागली, याचा अर्थ पिणारेही होते.

त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाबद्दल समकालीन पुरावा आहे. 1838 मध्ये गव्हर्नर जनरल ऑकलंडचा लष्करी सचिव ऑस्बर्न वकिलातीबरोबर रणजितसिंगाच्या दरबारी गेला. महाराजाची दारू मनुकांपासून काढतात आणि तीत मोत्यांची पूड घालतात, अशी नोंद त्याच्या 1840 च्या पुस्तकात आहे. 1838 मध्येच ऑकलंडची बहीण एमिली ईडन हिने त्या दारूचा एक थेंब ओठांना लावला आणि ओठ भाजल्याचे पत्रात लिहिले. दोन्ही साक्षी जपून वापरायला हव्यात. महाराजाची प्रकृती किती दिवस तग धरेल, याकडे ईस्ट इंडिया कंपनीचे डोळे लागलेले होते, आणि ही दोघे ऑकलंडच्या घरातलीच माणसे. तरीही मुख्य गोष्टीबाबत त्यांच्या नोंदी जुळतात. महाराजा पाहुण्यांसमोर उघडपणे पीत होता, त्यांनाही आग्रह करत होता, आणि म्हणून तो खालसाचा राजा नाही असे कोणी म्हटले नाही. अकाली फुलासिंगांनी त्याला अकाल तख्तापुढे उभे केल्याची कथा परंपरेने चालत आली आहे. तिच्यातही अपराध मोरां या नर्तकीशी असलेल्या संबंधाचा आहे, प्याल्याचा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रश्नाचे वळण बदलले. 1898 मध्ये कान्हसिंग नाभा यांचे 'हम हिंदू नहीं' हे हिंदू आणि शीख यांच्या संवादाच्या रूपातले पुस्तक आले. त्याच साली 'ट्रिब्यून'चे संस्थापक सरदार दयालसिंग मजिठिया वारले आणि त्यांच्या इस्टेटीचा वाद कोर्टात गेला. ते ब्राह्मो विचारांकडे झुकले होते. खाण्यापिण्याचे जुने निर्बंधही त्यांनी पाळले नव्हते. त्यांना कोणता कायदा लावायचा? 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की आहार आणि विधी यांत परंपरा सोडली म्हणून माणूस समाजातून बाहेर पडत नाही. त्याच निकालाने शिखांना वारसाच्या कामी हिंदू कायद्यात बसवले. म्हणजे आचार आणि सभासदत्व यांची कोर्टाने फारकत केली, पण ज्या समाजाचे सभासदत्व कायम ठेवले तो शिखांची वेगळी ओळख मांडणाऱ्या सिंग सभा चळवळीच्या लोकांना हवा असलेला नव्हता.

यानंतर सीमा आखण्याचे काम शिखांनी स्वतः हाती घेतले. गुरुद्वारे महंतांच्या हातून सोडवण्याच्या लढ्यातून 1925 चा शीख गुरुद्वारा कायदा झाला. शीख कोण, असा वाद निघाला तर त्या माणसाने गुरू ग्रंथसाहिबवर आणि दहा गुरूंवर आपली श्रद्धा असल्याचे आणि आपला दुसरा कोणताही धर्म नसल्याचे जाहीर करायचे, अशी कायद्याची व्याख्या आहे. तीत श्रद्धा आहे, आचार नाही.

आचाराची बाजू शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या 'सिख रहित मर्यादे'ने सांभाळली. ती 1936 मध्ये मंजूर झाली आणि 1945 मध्ये तीत दुरुस्त्या झाल्या. भांग, अफू, दारू, तंबाखू असा कोणताच अंमल नको, अन्नपाणी पुरे, असा नियम तीत आहे. तिची खरी मेख शिक्षांच्या प्रतवारीत आहे. केस कापणे, कुठ्ठा म्हणजे हलाल मांस खाणे, परस्त्री वा परपुरुषाशी संग आणि तंबाखू हे चार महादोष. ते करणारा पतित होतो आणि त्याला पुन्हा अमृत, म्हणजे खालसाची दीक्षा, घ्यावे लागते. दारू या चारांत नाही. ती तनखाहियांच्या, म्हणजे प्रायश्चित्तास पात्र ठरलेल्यांच्या, यादीत आहे. तिथे दाढी रंगवणारे आहेत आणि पैसे घेऊन मुलामुलीचे लग्न लावणारेही आहेत. अशा माणसाने संगतीपुढे हात जोडून चूक कबूल करायची, नेमलेली सेवा करायची आणि विषय मिटवायचा. क्षमा करताना संगतीने हट्ट धरू नये, असेही तिथे लिहिले आहे.

मग दारू सभासदत्वाच्या कागदावर आली कशी? 1959 च्या दुरुस्तीने गुरुद्वारा कायद्यात सहजधारी शिखाची व्याख्या घातली. शीख विधी पाळणारा, तंबाखू आणि कुठ्ठा न घेणारा, पतित नसलेला, मूलमंत्र म्हणता येणारा तो सहजधारी. या व्याख्येत दारूचे नाव नाही. पण त्याच कायद्यातले मतदारनोंदणीचे कलम उघडले की केस कापणाऱ्या आणि धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या जोडीला मद्य घेणाराही यादीबाहेर ठेवलेला दिसतो. 1971 च्या दिल्लीच्या गुरुद्वारा कायद्यातही हीच अट आहे. म्हणजे पिणारा कायद्याने शीख राहतो, पण गुरुद्वाऱ्याच्या निवडणुकीत त्याला मत नाही.

व्यवहारात या अटीवरून मोठा झगडा झाला नाही. सहजधारींचे मत काढून घेणारी 2003 ची अधिसूचना, ती रद्द करणारा 2011 चा उच्च न्यायालयाचा निकाल आणि संसदेची 2016 ची दुरुस्ती ही सगळी लढाई केस कापणाऱ्या सहजधारींच्या मताची, म्हणजे केसांची होती. याचे एक कारण उघड आहे. कापलेले केस मतदानकेंद्रावर दिसतात. प्यालेला पेला दिसत नाही, आणि मतदार अर्जावर स्वतःविषयी जे सांगेल तेच धरून चालावे लागते.

पंजाबात दारूचा निषेध आणि दारूचा खप शेजारी शेजारी नांदतात, याला बाहेरचे लोक सरसकट ढोंग म्हणतात. या कागदांवरून तसे म्हणता येत नाही. ग्रंथाने दारू आचरणात मोजली, मर्यादेने तिला पतनाऐवजी प्रायश्चित्त ठरवले आणि कायद्याने फक्त मताच्या हक्कापुरती वेस घातली. पिणाऱ्याला दोष देत देत घरात ठेवण्याची सोय तिन्ही ठिकाणी आहे. ही सोय तंबाखू ओढणाऱ्याला कधीच मिळाली नाही, आणि दोन व्यसनांना लावलेल्या या दोन मापांतच पंथाने आपली सीमा कशावर बेतली हे कळते.