बड, विल्यम

(१८११–१८८०). व्हिक्टोरियन काळातील इंग्रज डॉक्टर. विषमज्वर (टायफॉइड) रोग्याच्या मलातून आणि त्या मलाने नासलेल्या पाण्यातून पसरतो, हे त्यांनी रोगजंतू कुणी पाहण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले. जर्मन शास्त्रज्ञ एबर्ट यांनी तो जंतू वर्णिला १८८० मध्ये; बड त्याच वर्षी वारले.

डेव्हनमधील नॉर्थ टॉटन हे त्यांचे जन्मगाव. वडील तेथलेच डॉक्टर, अनेक भाऊही त्याच पेशात. पॅरिसमध्ये शिक्षण आणि १८३८ मध्ये एडिंबरोची एम.डी. घेऊन ते गावी परतले.

जुलै १८३९ मध्ये गावात ताप शिरला. नोव्हेंबरपर्यंत बड यांनी ८० हून अधिक रोगी तपासले. ताप सडक्या घाणीच्या दुर्गंधीतून आपोआप उपजतो, असे तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. बड यांना ते पटेना. गावाला गटारे नव्हती, घरांना लागून उकिरडे होते. पण ते तर वर्षानुवर्षे होते, मग ताप आताच का? अशातच गावात कामाला आलेले दोन आजारी करवतकरी मोर्चर्ड या आपल्या गावी परतले. तेथे तोवर ताप नव्हता. त्यांतल्या एकाला बिछान्यात उठवून बसवायला मदत करणारा मित्र काही दिवसांत आजारी पडला, पाठोपाठ त्याची दोन मुलेही. शहरात हा माग गर्दीत हरवला असता. खेड्यात कोण कुणाच्या घरी गेले, हे डॉक्टरला ठाऊक असते; बड यांचे खरे साधन तेच.

ताप रोग्याकडूनच पसरतो, हा विचार पुढे ब्रिस्टलला त्यांनी शहरात पडताळला. १८४७ मध्ये क्लिफ्टनच्या रिचमंड टेरेसमधील ३४ घरांपैकी १३ घरे एका विहिरीचे पाणी वापरत. ताप आला तो त्याच घरांत. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडन हैराण झाले, तरी तापाची साथ उसळली नाही. दुर्गंधीवाद्यांना बड हा दाखला आवर्जून देत.

पटकीबाबत (कॉलरा) त्यांचे एक अनुमान फसले: १८४९ मध्ये त्यांनी तिचे कारण पाण्यातील बुरशी मानले. उपाय मात्र अचूक होते. रोग्याचा मल ब्लीचिंग पावडरसारख्या जंतुनाशकाने निर्विष करावा, कपडे उकळावेत, पिण्याचे पाणी शुद्ध ठेवावे. १८४९ च्या साथीत ब्रिस्टलमध्ये १,९७९ माणसे दगावली होती. १८६६ मध्ये २९. सगळे श्रेय बड यांचे नव्हे. मधल्या काळात शहराला नळाचे पाणी मिळू लागले होते, आणि आरोग्य अधिकारी डेव्हिड डेव्हिस यांनी हे उपाय गल्लोगल्ली राबवले. बड यांचा विषमज्वरावरील ग्रंथ १८७३ मध्ये निघाला. त्याचा पाया नॉर्थ टॉटनचीच निरीक्षणे होती.