खांड

माझं आजोळ रोह्याच्या पुढे, कुंडलिकेच्या काठाला. आमचं गाव पेणच्या खारेपाटात, वाशी-वढावच्या बाजूला. दोन्ही एकाच कुलाबा जिल्ह्यातली (रायगड हे नाव १९८१ ला मिळालं), पण पाण्याच्या बाबतीत एक राजा नि एक भिकारी. आमच्याकडे तिन्ही बाजूंना खाडी आणि तोंडात घालायला थेंब नाही. एप्रिल लागला की आई हंडा घेऊन मैलभर चालायची. त्यामुळे मे महिन्यात आम्हा भावंडांना मामाकडे नेऊन सोडणं ही नुसती हौस नव्हती. घरातली चार तोंडं कमी म्हणजे दोन हंडे कमी.

पेणहून एस्टीने वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड. मामाच्या दारात पिशव्या टाकल्या की आम्ही सरळ नदीत. ऐन उन्हाळ्यात ती नदी वाहती असायची. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. घाटावर मुळशीला टाटांनी धरण बांधलं. ते पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि वीज करून झाली की कुंडलिकेत येतं. त्या धरणासाठी मुळशीकरांच्या जमिनी बुडाल्या, सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला. आम्हाला कुठलं हे ठाऊक! आम्ही सूर मारायचो, आणि मामी काठावरून ओरडायची, "खाऱ्या पोरांनो, भाहेर या, जेवान निवला!"

दिवाळीत मामाची पोरं आमच्याकडे यायची. त्यांना नदीचं अप्रूप नव्हतं, चिखलाचं होतं. ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारायच्या. त्या धरायला जाऊन मामेभाऊ मांडीपर्यंत रुतायचे आणि आम्ही बांधावर बसून हसायचो. खेळाची जागा तीच, बाहेरचा बांध. एका अंगाला भरतीचं पाणी, दुसऱ्या अंगाला लाल राता भात, आणि मधे हातभर रुंदीची मातीची वाट.

हा बांध म्हणजे खारेपाटाचा जीव. १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, १९७९ ला दुसरा आला, बांधाचं काम हळूहळू सरकारकडे गेलं. पण माझ्या लहानपणी गाव आपला बांध आपणच राखत होतं. त्याला जोळ म्हणत. ज्याची जेवढी जमीन, तेवढी त्याने बांधाची लांबी सांभाळायची. बांध फुटला तर त्याला आम्ही खांड गेली म्हणतो. रात्री कुणी हाळी दिली की घरटी माणूस कुदळ, घमेलं, पेंढा घेऊन धावायचं. आम्ही पोरंही पेंढ्याचे भारे ओढायचो. खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जाईपर्यंत भात नाही.

ही जमीन आजोबांनी कूळ म्हणून कसली होती. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे १९३३ ते १९३९ संप केला, तेव्हा आजोबा तरणे होते. नाव मात्र सातबाऱ्यावर लागलं ते १९५७ च्या कूळकायद्यानंतर. ते म्हणायचे, "बांद पोरासारका हाय. रोज बगावा लागतो."

१९९१ चा भाद्रपद. मामाचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असायचा आणि मूर्ती अर्थातच पेणची. मी बायको-पोरांना घेऊन निघालो. आदल्या संध्याकाळी आमच्या वाटणीच्या बांधाला खेकड्याचं बीळ दिसलं होतं. मी टाचेने चिखल दाबला आणि आल्यावर बघू म्हणालो.

चतुर्दशीला दुपारी विसर्जनाआधी सगळी पोरं घरामागच्या ओहोळात. माझी मुलगी तेव्हा पहिलीत. तिने मामाच्या नातवंडांना घेऊन दगड-मातीचा बांध घातला होता. थोड्या वेळाने तो फुटला आणि ती टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, खांड गेली!" तिकडच्या पोरांना शब्दच माहीत नाही. ती विचारतात, म्हंजे काय गं? मी पडवीत बसून हसत होतो. चार दिवसांपूर्वीचं बीळ मला आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पुनवेचं उधाण. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो तर निसवलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं. रात्री हाळी गेली होती, पण माणसं आली सात-आठ. तरणी पोरं नागोठणे-धाटावच्या कारखान्यांत पाळीवर, आणि बाकीचे माझ्यासारखेच पाहुणे गेलेले. वडील ओट्यावर बसले होते. ते काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "रोह्याला पोरा मजेत ना?"

खांड आम्ही बांधली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, पुन्हा बांधली. तिसऱ्या वेळी गावाचा दम संपला. अर्ज केले, त्यांचं काय झालं ते लिहून कागद वाया घालवत नाही. पण सगळा दोष कागदावर ढकलणं मला पटत नाही. जोळ आम्हीच मोडला, आणि ते बीळ मी पाहिलं होतं. मग शेतात तिवर रुजलं. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी केली, त्यामुळे आता तिथे कोयता घेऊन जाता येत नाही. बंदी चुकीची आहे असंही मी म्हणणार नाही, झाडं खाडीचा मार झेलतात. सातबाऱ्यावर अजून भात आहे.

गेल्या दिवाळीत मुलगी पनवेलहून पोरांना घेऊन आली, रोह्याहून मामेभावाची नातवंडंही आली. उरलेल्या बांधावर सगळ्यांना नेलं. नात म्हणाली, "आजोबा, तुमचं शेत कुठंय?" मी बोट दाखवलं. तिला झाडंच दिसली. तेवढ्यात कुणाला तरी निवटी दिसली आणि सगळी वरात चिखलात उतरली. रोह्याचा पोरगा गुडघ्यापर्यंत रुतला, बाकीची हसायला लागली. ती उभी होती तिथे आई आवणाची पेंडकी बांधायची. मी काही बोललो नाही. भरती लागायची वेळ झाली होती, तेवढी हाक मारली.