आरशामागची कल्हई

भिंतीवरच्या जुन्या आरशाला काळे ठिपके पडले, कडा गढूळ झाल्या, की मराठी माणूस म्हणतो, "पारा उडाला." तोच आरसा लखनौच्या घरात असेल तर तिथे म्हणतील, "कलई उतर गई." आरसा एक, त्याची पाठ एक, आणि नावं दोन निराळ्या धातूंची. पारा तो पारा. कलई म्हणजे आपली कल्हई, म्हणजे कथील. खरं कोण बोलतं? दोघंही. जुन्या आरशांच्या पाठीवर पारा आणि कथील यांचं मिश्रण असे. मराठीने त्यातला एक धातू लक्षात ठेवला, हिंदी-उर्दूने दुसरा. (उर्दूत 'पारा'ही चालतो, पण तिचा जीव कलईवर.)

हे मिश्रण काचेवर चढवण्याची रीत अशी. गुळगुळीत दगडी मेजावर कथलाचा पातळ वर्ख पसरायचा. त्यावर पारा चोळायचा, मग आणखी ओतायचा, इतका की त्याचं तळं व्हावं. त्यावरून काच एका कडेने सरकवत आणायची, म्हणजे हवा आणि वरची मळी पुढे ढकलली जाते. काचेवर वजनं ठेवायची, मेज थोडं कलतं करायचं आणि जादा पारा निथळू द्यायचा. हे निथळणं काही आठवडे चाले. डिंक नाही, सरस नाही, विस्तव नाही. कल्हईवाला भाता मारतो, नवसागर टाकतो, कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील भांड्यात फिरवतो. आरसेवाल्याच्या मेजावर त्या विस्तवाचं काम पारा गारठ्यातच उरकतो. थोडक्यात, दिवाणखान्यातला सोनेरी चौकटीचा आरसा आणि फडताळातलं पितळी पातेलं, दोघांच्या अंगावर कल्हईच.

आरशाचा बाकीचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाने नितळ काचेचे आरसे करून युरोपला वेड लावलं, १६६५ मध्ये फ्रान्सच्या कोल्बेर या मंत्र्याने तिथले कारागीर फोडून पॅरिसला कारखाना काढला आणि १६८४ मध्ये व्हर्सायच्या दालनात ३५७ आरसे झळकले. मला त्या दालनापेक्षा आरशामागचं कथील जास्त छळतं, कारण या धातूला मराठीत दोन नावं आहेत आणि दोन्हींचा जन्म वादात आहे.

आधी कल्हई. मूळ अरबी 'कलई', म्हणजे कथील. पण अरबीत तो आला कुठून? नवव्या-दहाव्या शतकांतले अरब लेखक पूर्वेकडच्या 'कलाह' नावाच्या बंदराचा कथलाशी संबंध सांगतात, आणि हे बंदर मलाया द्वीपकल्पावरचं केडा असावं असं बरेच अभ्यासक मानतात. अडचण अक्षरांची. कलाह लिहितात काफ आणि हे या अक्षरांनी. कलई लिहितात घशातल्या काफने आणि ऐनने. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही ही अडचण नोंदवली आहे आणि तरीही दोन्ही एकच असावेत असा कौल सावधपणे दिला आहे. दुसरा पक्ष म्हणतो, अक्षरं जुळणारा शब्द समोर असताना समुद्रापलीकडे कशाला जाता? अरबी 'कल्आ' म्हणजे गड, ज्यावरून आपला किल्ला आला. तो पक्ष जिंकला तर कल्हई आणि किल्ला सख्खी भावंडं ठरतील. मोह मोठा आहे. पण कथलाच्या खाणी मलायात होत्या, आणि व्यापारी धातूला गावाचंच नाव देतो. माझ्या मते दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत: खलाशांनी 'कलाह' ऐकलं आणि लेखनिकाने ते ओळखीच्या 'कल्आ'च्या अक्षरांत बसवलं. आपल्याकडे एल्फिन्स्टनचा अल्पिष्टन झालाच की! पुढे पोर्तुगीजही पूर्वेकडच्या या धातूला 'कलाइं' म्हणू लागले.

आता कथील. कोशकार ते संस्कृत 'कस्तीर'शी जोडतात, आणि कस्तीरच्या शेजारी ग्रीक 'कस्सितेरॉस' उभा. होमरच्या इलियडमध्ये अकिलीसच्या ढालीत हा धातू आहे. एकेकाळी युरोपातल्याच काही पंडितांनी ग्रीकांनी हा शब्द संस्कृतातून उचलला असं मांडलं होतं. ऐकायला गोड, पण टिकत नाही. संस्कृताजवळ कथलासाठी 'त्रपु' वेदकाळापासून आहे, 'वंग' आहे. कस्तीर मात्र उशिरा आणि बहुतेक कोशांतच भेटतो. पाणिनीच्या सूत्रात कास्तीर नावाचं नगर येतं, त्याचा आधार घेऊन धातूचं नाव गावावरून पडलं असं म्हणता येईल. मला पटत नाही. सूत्रात गाव आहे, धातू नाही. शब्द पश्चिमेकडूनच आला असणार. हिरोडोटसने ज्या 'कथलाच्या बेटां'चा उल्लेख केला आहे, त्यांचा संबंध पुढच्यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉलशी जोडला.

म्हणजे एका नावाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. व्हेनिसची जहाजं इंग्लंडहून कथील भरून नेत. आपल्या भांड्यांसाठी ते मलायाकडून येई. तेव्हा मुरानोच्या आरशामागे असतं ते कथील आणि पातेल्यात असते ती कल्हई, असं मी बिनदिक्कत म्हणतो. रसायनशास्त्रज्ञ हसेल, हसू दे.

राहिला प्रश्न मराठीने पारा का निवडला याचा. कल्हई हा शब्द भांड्यांनी आधीच अडवला होता, हे सोपं उत्तर. पण भांड्यांना कलई उत्तरेतही करतात! फरक असा की उर्दूतली कलई ऐसपैस आहे. भिंतीला चुना फासला तरी ती कलई, वरवरची सफेदी म्हणजे कलई. आरसा तिच्यात सहज मावला. मराठी कल्हईने भांडं सोडलं नाही. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता; विलायती आरसे दिवाणखान्यांत टांगले जाऊ लागले तेव्हा त्यांच्या पाठीसाठी नवं नाव लागलं आणि पारा मोकळा होता, असा माझा तर्क.

गंमत अशी की नाव रुळलं आणि पारा गेला. १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर बसवण्याची रासायनिक कृती दाखवली. १८६१ मध्ये कुसमाउल या डॉक्टरने बव्हेरियातल्या फ्यूर्ट आणि एर्लांगेन इथल्या आरसे-कामगारांना पाऱ्याची विषबाधा कशी ग्रासते, हे ग्रंथभर लिहिलं. विसावं शतक उजाडेपर्यंत पाऱ्याचे आरसे जवळपास संपले. मुंबईतल्या इराण्यांच्या हॉटेलांतल्या भिंतींवरचे बहुतेक आरसे त्यानंतरचे, चांदीचे. तरी त्यांचाही पाराच उडतो.

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, प्रत्येक जुना आरसा 'बेल्जियम' असतो. त्या शब्दाकडे लक्ष न देता खालची कड बघावी. पाऱ्याच्या आरशात उरलेला द्रव पारा वर्षानुवर्षं खाली झिरपतो, म्हणून तो आधी तळाशी कुजतो. त्यातलं प्रतिबिंब किंचित निळसर-करडं आणि पाठीवर बारीक स्फटिकांची चमचम. चांदीच्या आरशातला चेहरा जरा उबदार दिसतो आणि काळेपणा चहूकडच्या कडांतून आत शिरतो. चौकटीच्या खालच्या खाचेत चंदेरी मणी दिसले तर सौदा करायला हरकत नाही, पण ते बोटाने उचलू नयेत, केरसुणीने झाडू नयेत आणि आरसा झोपायच्या खोलीत लावू नये. तो पारा अजून उडतो आहे.