एसीपी प्रद्युम्न कधी चुकला का?

एक साधा प्रश्न विचारतो. 'सीआयडी'चे पहिल्या फेरीतच दीड हजारांवर भाग झाले. त्यात एसीपी प्रद्युम्नने ज्याला थोबाडीत मारली तो नंतर निर्दोष निघाला, आणि साहेबांनी हात जोडून त्याची माफी मागितली, असा एक तरी भाग तुम्हाला आठवतो का? मला नाही आठवत.

मालिकेची टिंगल करायला ही पोस्ट लिहीत नाहीये. शिवाजी साटम आपले माणूस, बँकेतली नोकरी सांभाळत नाटकात आलेले. दया, अभिजीत, फ्रेडी, डॉक्टर साळुंखे ही मंडळी तर कित्येक घरांत जवळजवळ नातेवाईक झाली. पण 'मी बरोबरच आहे, त्यामुळे मला नियम लागू नाहीत' असं मानणारा पोलीस हिरो टीव्हीवर कुठून आला आणि त्याने आपल्या डोक्यात काय पेरलं, याचा इतिहास बघण्यासारखा आहे.

सुरुवात लॉस एंजेलिसमध्ये होते. जॅक वेब नावाच्या नटाने जून १९४९ मध्ये रेडिओवर 'ड्रॅगनेट' नावाची मालिका सुरू केली. तिचा नायक सार्जंट जो फ्रायडे, बिल्ला नंबर ७१४. डिसेंबर १९५१ मध्ये ती टीव्हीवर आली आणि आजच्या सगळ्या पोलीस मालिकांची आजी ठरली. गोष्टी लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या फायलींतून यायच्या आणि पटकथा पोलीस खातं तपासायचं. म्हणजे खात्याची बदनामी होईल असं काही पडद्यावर यायची सोयच नव्हती. फ्रायडे कधी हसायचा नाही, कुणावर हात टाकायचा नाही, नियमाबाहेर जायचा नाही. पण समोरच्याला नैतिकतेचे डोस मात्र भरपूर पाजायचा.

आता तारखा बघा. टीव्हीवरचा पहिला भाग १६ डिसेंबर १९५१ चा. त्यानंतर नऊ दिवसांनी, नाताळच्या दिवशी, त्याच शहराच्या त्याच खात्यातल्या दारू प्यायलेल्या पोलिसांनी कोठडीतल्या सात तरुणांना बेदम मारलं. त्यातले पाच मेक्सिकन वंशाचे होते. 'ब्लडी ख्रिसमस' या नावाने ते प्रकरण गाजलं. आठ पोलिसांवर आरोपपत्र आलं, ३९ जण निलंबित झाले. पडद्यावरचा फ्रायडे मात्र प्रत्येक भागात सरळ, स्वच्छ आणि बरोबर. लोकांनी कुठला पोलीस लक्षात ठेवला हे सांगायला नको.

ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्याच वॉट्स भागात एका वाहन तपासणीवरून भडका उडाला. सहा दिवस दंगल, ३४ मृत्यू. पोलीस आपल्याशी कसे वागतात याचा कृष्णवर्णीय वस्तीतला साचलेला राग त्यामागे होता. जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मिरांडा खटल्याचा निकाल दिला: चौकशीआधी आरोपीला सांगा की गप्प बसण्याचा आणि वकील मिळण्याचा तुला हक्क आहे. आणि १९६७ मध्ये 'ड्रॅगनेट' पुन्हा सुरू झाली. आता फ्रायडेची भाषणं आणखी लांबली. तरुण पोरं, विद्यार्थी, नशा करणारे, पोलिसांवर टीका करणारे, सगळ्यांना एकेक प्रवचन. शहर विचारत होतं की पोलीस आमच्याशी असे का वागतात, आणि पडद्यावरून उत्तर यायचं की तुम्हीच बिघडलात. १९८२ मध्ये जॅक वेब वारला तेव्हा खऱ्या पोलीस खात्याने झेंडे अर्ध्यावर उतरवले आणि ७१४ नंबरचा बिल्ला कायमचा बाजूला ठेवला. नट होता तो, पोलीस नव्हे!

तरी फ्रायडेच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या मालिकेत भागाच्या शेवटी कोर्ट असायचं. निवेदक सांगायचा की खटला अमुक न्यायालयात चालला आणि आरोपीला तमुक शिक्षा झाली. शिक्षा फ्रायडे देत नसे.

आता मुंबईत येऊ.

बी. पी. सिंग यांची मुंबई दूरदर्शनवरची मराठी मालिका 'एक शून्य शून्य' आपल्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल. शंभर नंबर म्हणजे पोलिसांचा कंट्रोल रूम. शिवाजी साटम तिच्यातही होते. पुढे त्याच सिंगांची 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली. २००४ मध्ये तिने १११ मिनिटांचा एक अख्खा भाग एकाच शॉटमध्ये केला. २०१८ मध्ये थांबली, डिसेंबर २०२४ मध्ये परत आली, आणि २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न मेल्याचं दाखवलं तेव्हा लोकांनी घरातलं माणूस गेल्यासारखा आरडाओरडा केला.

या मालिकेत कोर्ट गायब झालं. दया दरवाजा तोडतो, साळुंखे रिपोर्ट देतात, संशयिताच्या कानाखाली बसते, तो घडाघडा कबूल करतो, आणि साहेब बोटं फिरवत जाहीर करतात की आता तुला फाशी. वकील नाही, न्यायाधीश नाही, अपील नाही. 'फाशी विरळातल्या विरळ प्रकरणातच' हे सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगून ठेवलंय, पण साहेबांच्या ब्यूरोत ती प्रत पोचलेली दिसत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघू. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम कुठल्या मानवाधिकारवाल्याने आणलेला नाही, तो १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ आहे. त्याआधी १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींवर चौकशी आयोगाचा अहवाल आला होता. गोऱ्या साहेबाला स्वतःच्याच पोलिसांवर भरवसा नव्हता, कारण कबुली कशी काढली जाते हे त्याला ठाऊक होतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही कलम २३ मध्ये हा नियम कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार वगैरे सापडलं तर जबाबाचा तेवढाच भाग चालतो. म्हणजे मालिकेतली बहुतेक प्रकरणं खऱ्या कोर्टात त्या कबुलीवर एक दिवस टिकणार नाहीत.

आणखी एक तारीख. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने १८ डिसेंबर १९९६ ला अटकेचे नियम घालून दिले: पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो हवा, नातेवाइकाला कळवायला हवं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. त्यानंतर तेरा महिन्यांनी 'सीआयडी' सुरू झाली. कोर्टाचा निकाल किती जणांनी वाचला? आणि थप्पड किती जणांनी बघितली?

आता यातली खरी गंमत, खरं तर गंमत नाहीच. महाराष्ट्राची खरी सीआयडी आहे, तिचं मुख्यालय पुण्यात. मुंबईतल्या खुनाचा तपास एरवी स्थानिक पोलीस ठाणं किंवा क्राइम ब्रँच करते. खरी सीआयडी येते ती बरेचदा पोलीस कोठडीत माणूस मेला की. म्हणजे टीव्हीवरची सीआयडी थप्पड मारते, आणि खरी सीआयडी थप्पडेने माणूस कसा मेला याचा तपास करते.

सांगलीकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरीच्या संशयावरून धरलेला एक तरुण तिथल्या पोलीस ठाण्यात मारहाणीत मेला. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, आणि बाहेर सांगितलं की आरोपी पळून गेला. तपास सीआयडीकडे गेला.

मालिकेत चापट नेहमी योग्य गालावर बसते, कारण खुनी कोण हे लेखकाने आधीच ठरवलेलं असतं. पोलीस ठाण्यात असा लेखक नसतो. तिथे हात आधी उठतो आणि गाल कुणाचा होता ते नंतर कळतं, कधी कळतही नाही.

६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. गुन्हा भयंकर होता, राग खराच होता. पण सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर. मे २०२२ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला: गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो वाचला असेल?

मुंबईतही हेच. नोव्हेंबर २००६ मध्ये वर्सोव्यात दाखवलेली लखनभैया चकमक खोटी होती असं कोर्टाने ठरवलं. २०१३ मध्ये सेशन्स कोर्टाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी धरलं, आणि सुटलेल्या एका नावाजलेल्या 'एन्काउंटर स्पेशालिस्ट'लाही मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली. सतरा वर्षांहून जास्त काळ. हा लढा मृताच्या भावाने लढला, तोही कोर्टातच.

इथे हमखास एक कमेंट येईल: कोर्टात वर्षानुवर्षं निकाल लागत नाही, मग लोकांनी करायचं काय? रास्त प्रश्न आहे. बारा-बारा तास ड्युटी करणारा हवालदार, अपुरी माणसं, फॉरेन्सिक अहवालासाठी लागणारी रांग, हे सगळं खरंय. साळुंखेंचा रिपोर्ट ब्रेकच्या आधी येतो, कलिन्याच्या खऱ्या प्रयोगशाळेतून येत नाही. पण मग आपली मागणी काय हवी? जास्त पोलीस, जास्त न्यायाधीश, जास्त प्रयोगशाळा. आपण मागतो जास्त थपडा, कारण थप्पड फुकट आहे आणि उद्याच मिळते. सरकारलाही तेच परवडतं.

मार्च १९९१ मध्ये त्याच लॉस एंजेलिसमध्ये एका रहिवाशाने आपल्या बाल्कनीतून पोलिसांना रॉडनी किंगला मारताना चित्रित केलं. फ्रायडेने चाळीस वर्षांत बांधलेली प्रतिमा त्या घरगुती कॅमेऱ्याने काही मिनिटांत उतरवली. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला आणि रेकॉर्डिंग किमान वर्षभर ठेवायला सांगितलं. २०२५ मध्ये कोर्टाला त्याच विषयात स्वतःहून पुन्हा लक्ष घालावं लागलं.

तेव्हा मालिका खुशाल बघा, मीही बघतो. पण आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, कोठडीकडे तोंड करून आहेत का, एवढं माहितीच्या अधिकारात एकदा विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर आलं, किंवा नाही आलं, तरी इथे कमेंटमध्ये टाका. आणि तो साहेबांनी माफी मागितल्याचा भाग कुणाला आठवला तर तोही सांगा, मला खरंच बघायचाय.