आठ डॉलर आणि चार शहरं

"एवढ्या लांब जाताय, तर तेही बघून या." परदेशी जायचा बेत घरात जाहीर केला की हे वाक्य ऐकावंच लागतं. आम्ही दोघं पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदाच देशाबाहेर निघतोय. नवऱ्याने सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी रजा प्रथमच टाकली आहे. हाताशी १३ रात्री आहेत, आणि ठरवून बाजूला ठेवलेले पैसे. सुरुवातीला यादीत चार शहरं होती: ॲमस्टरडॅम, पॅरिस, लुसर्न, रोम. मग नणंद म्हणाली, व्हेनिस सोडून कसं चालेल? मावसभाऊ म्हणाला, ब्रसेल्स तर वाटेतच आहे. आठवड्याभरात यादी सात शहरांवर गेली आणि १३ रात्री मात्र १३च राहिल्या :-)

चिडण्याऐवजी मी माझ्या सवयीप्रमाणे इतिहासात शिरले. हे "एवढ्या लांब जाताय तर" येतं कुठून? शोधता शोधता जे हाती लागलं ते इथे मांडून ठेवते.

पहिली गोष्ट पासपोर्टची. १९६७ पर्यंत भारतात पासपोर्ट देण्याबद्दल स्वतंत्र कायदाच नव्हता. द्यायचा की नाही, दिलेला परत मागायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर. सतवंतसिंग सॉनी नावाच्या व्यावसायिकाकडून सरकारने पासपोर्ट परत मागितला आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६७ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की परदेशी जाणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पासपोर्टचा कायदा झाला. पुढे मनेका गांधींचा पासपोर्ट १९७७ साली जप्त झाला, आणि १९७८ च्या निकालाने हा हक्क आणखी पक्का झाला. म्हणजे बघा, माझ्या कपाटातल्या त्या निळ्या पुस्तिकेमागे एका न्यायाधीशाच्या मताचा फरक आहे!

दुसरी गोष्ट पैशांची, आणि खरी मेख इथेच आहे. परकीय चलनावरचं नियंत्रण आलं १९३९ साली, दुसऱ्या महायुद्धापायी. युद्ध संपलं, पण नियंत्रण काही गेलं नाही. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये त्याहून कडक असा 'फेरा' आला. सत्तरच्या दशकात देशाबाहेर जाणाऱ्याच्या हातावर आठ डॉलर ठेवले जात. हो, आठच! माझे धाकटे काका त्या काळात शिकायला जर्मनीला गेले. ते आठ डॉलर त्यांनी विमानतळावर कॉफी प्यायलाही मोडले नाहीत. खिशात हात घालून ते नोटा आहेत ना एवढंच पुन्हा पुन्हा तपासत राहिले, असं ते अजून सांगतात. ज्या देशात धान्य, तेल आणि यंत्रं आणायलाच डॉलर पुरत नव्हते, तिथे हौसेखातर फिरणाऱ्याला कोण देणार? १९९१ मध्ये तर सुमारे ४७ टन सोनं विमानाने लंडनला नेऊन गहाण ठेवावं लागलं.

त्यानंतर दार हळूहळू उघडत गेलं. १ जून २००० पासून 'फेरा' जाऊन 'फेमा' आला. जो गुन्हा होता तो दंड भरून मिटणारा नियमभंग झाला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आज ती मर्यादा वर्षाला २,५०,००० डॉलर आहे आणि प्रवासाचा खर्चही त्यातच धरला जातो. आठ डॉलरपासून अडीच लाखांपर्यंत! आमच्यासारख्यांना त्या मर्यादेचं टोक कधी दिसणार नाही हा भाग वेगळा, पण आता आम्हाला अडवतं ते आमचं बँक खातं, सरकार नव्हे.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. ज्यांच्या तरुणपणी पासपोर्ट मर्जीवर मिळायचा आणि पैसे मिळायचेच नाहीत, त्यांच्यासाठी परदेश ही आयुष्यात फार तर एकदा घडायची गोष्ट होती, काशीयात्रेसारखी. बाकीच्यांनी युरोप पाहिला तो पुलंच्या 'अपूर्वाई'तून. ते पुस्तक १९६० सालचं. मराठी घरांत ते इतकं वाचलं गेलं त्यात पुलंची लेखणी तर आहेच, पण आपण तिथे कधी जाणार नाही ही खात्रीही असणार, असं मला वाटतं.

आणि मग ग्रुप टूर आल्या. १९८४ मध्ये केसरी पाटलांनी सुरू केलेल्या कंपनीसारख्या मराठी कंपन्यांनी मराठी माणसाला घराबाहेर काढलं. सोबत मराठी बोलणारा माणूस, संध्याकाळी वरणभात आणि व्हिसाची कटकट नाही. माझ्या सासूबाई नव्वदच्या दशकात अशाच एका सहलीने युरोपला जाऊन आल्या. त्यांच्या अल्बममध्ये प्रत्येक ठिकाणचा एकेकच फोटो आहे, कारण फिल्म जपून वापरायची होती. प्रत्येकात त्या पंजाबी ड्रेसवर स्वेटर घालून अगदी ताठ उभ्या आहेत. पूर्वी मला त्या धावपळीचं हसू यायचं, आता येत नाही. पुन्हा येणं होणार नाही हे माहीत असलेल्या माणसाने जमेल तेवढं डोळ्यांत भरून घेतलं, त्यात चूक काय?

बरं, ही घाई काही आपलीच नाही. थॉमस कुकने १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत एक शिलिंगात आगगाडीची सहल नेली आणि १८६३ मध्ये तो एक जथा घेऊन स्वित्झर्लंडला गेला. त्या जथ्यातल्या जेमायमा मॉरेल या इंग्रज बाईंची रोजनिशी पुढे १९६३ मध्ये छापली गेली. सुमारे तीन आठवड्यांत त्या लोकांनी पायी, खेचरांवर, बोटीत, आगगाडीत बसून काय काय पालथं घातलं! आमच्या यादीतलं लुसर्न त्यांच्याही वाटेवर होतं. रोजच्या कामातून प्रथमच सुटलेल्या मध्यमवर्गाची ती घाई होती. आपल्याकडे ती सव्वाशे वर्षं उशिरा पोचली, इतकंच.

कुकने आखणीचं ओझं प्रवाशाच्या डोक्यावरून उतरवलं. पण त्याच्याच कंपनीने १८७३ मध्ये युरोपभरच्या आगगाड्यांचं वेळापत्रकही छापायला घेतलं, म्हणजे स्वतःहून फिरणाऱ्याचीही सोय केली. कंपनीने २०१३ मध्ये ते बंद केलं. मग काही जाणकारांनी ते पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे पुन्हा सुरू केलं. नवऱ्याला हे सांगितल्यापासून तो फोनवरचं ॲप सोडून त्या वेळापत्रकाची छापील प्रत मागवायच्या मागे लागलाय. असो.

तिसरी गोष्ट सीमांची. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला. २६ मार्च १९९५ पासून तो अमलात आला आणि आज त्यात २९ देश आहेत. त्याआधी आमच्या या चार शहरांसाठी चार व्हिसे लागले असते आणि गिल्डर, फ्रेंच फ्रँक, स्विस फ्रँक, लिरा अशा चार चलनांच्या चार पुरचुंड्या. २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या आणि त्यातल्या तीन गेल्या. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोत नाही, म्हणून लुसर्नपुरती एक पुरचुंडी अजून उरलीच आहे.

या व्हिसाचा एक नियम मला फार आवडला. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे तुम्ही सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकाल त्या देशाकडे. म्हणजे "सगळंच थोडं थोडं" हे उत्तर तिथे पुरत नाही, तुमचं मन कुठे आहे ते आधी ठरवा. सात शहरांच्या यादीत आमचं मन कुठेच नव्हतं, सगळीकडे दीड-दोन रात्री.

शेवटी दोघांनी वही घेतली. नवऱ्याला व्हेनिस सोडवत नव्हतं. त्याचं म्हणणं, "पुन्हा कधी येणार आपण?" त्याच्या गुडघ्याकडे बघता हा प्रश्न काही उगाच नव्हता. मी म्हटलं, नसू येणार, पण मग जिथे जातोय तिथे तरी नीट जाऊ या. सात शहरं म्हणजे सहा वेळा बॅगा भरणं, सहा वेळा स्टेशन गाठणं. त्यात आपण कोणाचा प्रवास करतोय? ज्यांना आठच डॉलर मिळाले त्यांचा. त्यांची घाई त्यांच्या काळाने त्यांच्यावर लादली होती. आपल्यावर कोणी लादलेली नाही, मग आपण ती का उचलायची? तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्यानेच व्हेनिसवर रेघ मारली. रेघ जरा फिकटच आहे, हेही सांगायला हवं.

तर मंडळी, ठरलं ते असं. ॲमस्टरडॅमला उतरायचं, तीन रात्री. तिथून रेल्वेने पॅरिस, चार रात्री, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. मग बाझलवरून लुसर्न, तीन रात्री. पुढे २०१६ मध्ये उघडलेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून मिलान आणि तिथे गाडी बदलून रोम, तीन रात्री. परतीचं विमान रोमहूनच, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरायला नको. व्हिसाला लागतो तो ३०,००० युरोंचा आरोग्यविमा काढून झालाय.

सासूबाईंना यादी वाचून दाखवली. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "पॅरिसला चार रात्री करणार तरी काय?" मी म्हटलं, एक दिवस नदीकाठी बाकावर नुसत्या बसणार. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्हाला बसमधूनच दाखवली होती नदी. पाण्याला वास येतो का, ते बघून सांग."