विचित्र

एखाद्याला ‘विचित्र माणूस’ म्हटले की त्याच्या घरी मुलगी द्यायला कोणी धजत नाही. विचित्र वास, विचित्र वागणे, विचित्र तऱ्हा! जिथे नाक मुरडायचे तिथे हा शब्द हजर. मग शंतनू आणि सत्यवती यांनी आपल्या मुलाचे नाव ‘विचित्रवीर्य’ का ठेवले असेल? आज असले नाव सुचवले तर बारशाला आत्याबाई पाळण्याजवळ फिरकायच्या नाहीत.

पण संस्कृतात ‘चित्र’ म्हणजे रंगीबेरंगी, ठळक, नजरेत भरणारे. त्याला ‘वि’ लागला की नाना रंगांचे, नाना तऱ्हांचे, आणि म्हणूनच नवलाचे. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात काव्याचे तीन मार्ग सांगितले, त्यांतल्या नटव्या मार्गाला त्याने ‘विचित्र’ हेच नाव दिले. आणि त्या वाटेने जाणे म्हणजे तलवारीच्या धारेवरून जाणे, असेही बजावले. म्हणजे विचित्र लिहायला अंगात हिंमत हवी!

याहून मौजेची गोष्ट तमिळ देशातली. सातव्या शतकाच्या आरंभी कांचीला पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा राज्य करीत होता. त्याने मंडगपट्टू येथे खडक कोरून ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांच्यासाठी मंदिर करविले. तिथल्या संस्कृत लेखात म्हटले आहे, की हे मंदिर विटा, लाकूड, धातू आणि चुना यांच्यावाचून करविले आहे. करविणाऱ्याचे नाव? ‘विचित्रचित्त’! हे राजाचे बिरुद होते. लोकांच्या डोक्यात जे येत नाही ते ज्याच्या मनात येते, तो विचित्रचित्त. याच राजाने ‘मत्तविलास’ हे प्रहसन लिहून कापालिक आणि भिक्षू यांची यथेच्छ थट्टा केली. कसले हे चित्त म्हणावे!

आम्हा मास्तरांच्या खोलीत मात्र हा शब्द फार स्वस्त झाला आहे. गणिताच्या वहीत पानभर माशांची चित्रे काढणारा, भलतेच प्रश्न विचारणारा मुलगा ‘जरा विचित्रच’ ठरतो, आणि तो शेरा त्याच्याआधी पुढच्या वर्गात जाऊन बसतो. असा शेरा ऐकला, की हल्ली मी मंडगपट्टूची हकीकत सांगू लागतो. सहकारी हसतात, मलाही आता त्यांत गणतात.

जुना अर्थ अगदीच मेलेला नाही. ‘चित्रविचित्र’ या जोडशब्दात तो अजून तग धरून आहे. परवाच बाजारात चित्रविचित्र आकाशकंदील टांगलेले होते, आणि त्यांच्याकडे पाहून कोणीही नाक मुरडीत नव्हते.