प्रश्नात नेमकं विचारलंय काय? शंभर वर्षांपूर्वीच्या पेपरांची गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आहे उताऱ्याखालचा प्रश्न. ‘उतारा तर सगळा समजला होता, मग मार्क गेले कुठे?’ असं म्हणत उत्तरपत्रिका हातात घेऊन उभे राहिलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी खास.

गोष्ट अमेरिकेतली, आणि सुरू होते ती मास्तरांपासून. १९१२ साली स्टार्च आणि एलियट या दोन संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभरहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतली. तोच पेपर, तीच उत्तरं, आणि मार्कांमध्ये तीसहून जास्त गुणांचा फरक! म्हणजे पोरगं किती शिकलं यापेक्षा पेपर कोणाच्या टेबलावर पडला हे महत्त्वाचं.

यावर कॅन्ससमधल्या फ्रेडरिक केली यांनी उपाय काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळातली त्यांची मूकवाचनाची चाचणी ही आजच्या एमसीक्यूची पणजी मानली जाते. तिच्यातला एक प्रश्न असा होता: गाय, वाघ, उंदीर, लांडगा, यांतला शेतावर उपयोगी पडणारा प्राणी कोणता, त्याभोवती रेघ काढा. केलींची अट अशी की प्रश्नाचा एकच अर्थ निघाला पाहिजे आणि उत्तरही एकच. तपासणाऱ्याची मर्जी संपली, हे चांगलंच झालं. पण माझ्या मते त्याचबरोबर एक सवयही लागली: प्रश्नाकडे ओझरतं बघायचं आणि थेट पर्यायांवर उडी मारायची.

आता येतो माझा आवडता माणूस, एडवर्ड थॉर्नडाइक. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. १९१७ साली त्याने एक लेख छापला, मुलं परिच्छेद वाचताना कुठे चुकतात यावर. त्यातला एक परिच्छेद फ्रँकलिन नावाच्या गावातल्या शाळेच्या नियमाचा आहे. नियम असा: सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी आलंच पाहिजे. सूट कधी? मूल स्वतःच खूप आजारी असेल तर, घरात कोणाला संसर्गजन्य आजार असेल तर, किंवा रस्ते बंद असतील तर. बस, एवढंच.

खाली प्रश्न होता, या परिच्छेदाचा मुख्य विषय कोणता? सहावीतल्या काही मुलांनी लिहिलं, ‘फ्रँकलिन’. काहींनी तर लिहिलं की पहिलं अक्षर कॅपिटल काढा, अर्धा इंच जागा सोडा!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. पण थॉर्नडाइक हसला नाही, आणि तिथेच त्याचं मोठेपण आहे. त्याने विचारलं, हे उत्तर आलं कुठून? मुलांना वर्गात बाईंनी शिकवलेलं असतं की परिच्छेद लिहिताना सुरुवातीला जागा सोडायची. प्रश्नात ‘परिच्छेद’ हा शब्द दिसला, तो डोक्यात एवढा मोठ्याने वाजला की ‘मुख्य विषय’ हे शब्द ऐकूच आले नाहीत. ‘फ्रँकलिन’ लिहिणाऱ्यांचंही तेच. उताऱ्यातलं पहिलंच ठळक नाव, तेच धरून बसले. मुलं ढ नव्हती. एखाद्या शब्दाला जास्त वजन दिलं गेलं, दुसऱ्याला कमी, आणि उत्तर घसरलं.

म्हणून तो म्हणाला की परिच्छेद वाचणं हे गणित सोडवण्यासारखं आहे. कुठला शब्द घ्यायचा, कुठला बाजूला ठेवायचा, कशाचा कशाशी संबंध, आणि हे सगळं ठरवणार कोण? तर समोरचा प्रश्न. त्याच उताऱ्यावर आणखी एक प्रश्न होता: मुलगा स्वतः आजारी नसतानाही कुठल्या प्रकारच्या आजारामुळे घरी राहू शकतो? इथे ‘स्वतः आजारी नसतानाही’ हे शब्द सुटले की संपलं. उतारा पाठ असला तरी उपयोग नाही.

मधली ऐंशी वर्षं मी उडवतो, कारण त्यात बहुतेक वेळ गोल काळे करण्यातच गेला. थेट येऊ २००० सालावर. ओईसीडी या देशांच्या संघटनेने १५ वर्षांच्या मुलांसाठी पिसा नावाची परीक्षा सुरू केली आणि पहिल्या फेरीत मुख्य भर वाचनावर ठेवला. त्यात दोन पत्रं होती, भिंतींवरच्या ग्राफिटीबद्दल. हेल्गा वैतागलीये, शाळेची भिंत पुन्हा पुन्हा साफ करावी लागते म्हणून. सोफियाचं म्हणणं, जाहिरातींचे फलक आम्हाला विचारून लावता का?

एक प्रश्न होता, तुम्हाला कोणाचं पटतं? दोघींपैकी कोणीही चालेल, पण पत्रातल्या मुद्द्याला धरून कारण द्या. ‘मला हेल्गा पटते कारण तिचं बरोबर आहे’ याला शून्य. आणि त्याच्या पुढचा प्रश्न बघा: पटो न पटो, यातलं चांगलं पत्र कोणतं? आता मत बाजूला ठेवायचं आणि पत्र कसं लिहिलंय ते बघायचं. मांडणी कशी आहे, सूर कसा आहे, मुद्दे किती पक्के आहेत. दोन्ही प्रश्नांवरून नुसती नजर फिरवली तर एकसारखेच वाटतात, आणि मुलं दोन्हीकडे तेच उत्तर लिहून मोकळी होतात.

भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश २००९ च्या पिसाच्या वाढीव फेरीत उतरले आणि यादीत अगदी तळाशी राहिले. प्रश्न आपल्या संदर्भातले नव्हते, असं कारण पुढे आलं. मला ते अर्धंच पटतं. संदर्भ परका असू शकतो, पण ‘पटतं का’ आणि ‘चांगलं लिहिलंय का’ यातला फरक परका कसा?

आपल्या दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतच बघा ना. उताऱ्याखाली आकलनाच्या कृती असतात, चौकटी आणि आकृतिबंध भरायचे, तिथे उतारा म्हणतो तेच लिहायचं. शेवटी येतं ‘स्वमत’. तिथे अनेक जण उताऱ्यातलीच चार वाक्यं उतरवून काढतात. आणि ‘लेखकाच्या मते’ असं विचारलं की नेमके आपलं मत द्यायला बसतात. तुमच्याकडे सराव कृतिपत्रिका असेल तर आज उतारा वाचूच नका, फक्त खालच्या कृती वाचा आणि प्रत्येकीपुढे पेन्सिलने लिहा, मत कोणाचं मागितलंय: लेखकाचं, उताऱ्यातल्या पात्राचं, की तुमचं. पाच मिनिटांचं काम आहे. काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर कळवा, पुढच्या भागात ऐकवतो.